उरलेली मात्रा

दीक्षानं पायानं निळ्या डब्याची पट्टी दाबली, झाकण वर आलं, आणि ओढणीचं टोक नाकाशी धरून ती आत वाकली. काचेच्या कचऱ्यात सगळ्यात वरच ती शीशी पडली होती. हातमोज्याच्या दोन बोटांनी तिनं ती उचलली, खिडकीकडे धरली, हलवून पाहिली. आत थेंब नव्हता. धुऊन उन्हात ठेवल्यासारखी कोरडीठाक.

"काय शोधून राहिली वं कचऱ्यात? सोनं?"

दारात पंचफुला सिस्टर उभी होती. एका हातात सलाईनची बाटली, दुसरा कमरेवर. एरवी चपला फटक फटक वाजवत चालणारी बाई. आज तिचा आवाज म्हणून आला नव्हता.

"कानातलं पडलं वाटते माझं."

सिस्टरनं तिच्या उजव्या कानाकडे पाहिलं, मग डाव्या. दोन्ही कानांत टॉप्स जागच्या जागी होते.

"सापडलं म्हनजे," सिस्टर म्हणाली, आणि डबा पायानं भिंतीकडे सरकवून निघून गेली.

शीशी नसीमबानोची होती. नसीमबानो म्हणजे अंजनगाव सुर्जीहून दर महिन्याला येणारी, छातीतली गाठ काढलेली बाई. तिच्या वजनाच्या मानानं डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा निम्मी शीशी म्हणा ना. पण औषध बनवणारे काही अमरावतीच्या बायकांची वजनं पाहून शीशा भरत नाहीत. शीशी मिळायची ती मोठीच. पैसे सरकारची आरोग्य योजना द्यायची, आणि योजनेकडे ते कोणत्या कोडखाली मागायचे हे काम दीक्षाचं. जिन्याखाली तिचं टेबल होतं, टेबलावर कॉम्प्युटर, आणि डोक्यावर उतरता जिना. उठताना अजूनही कपाळ आपटायचं.

अकोल्याच्या प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की इंजेक्शनचं नाव एकच असलं तरी कोड तीन. शीशी पूर्ण दिली, तर एक नंबर. उरलेलं त्याच पेशंटसाठी राखून ठेवलं, तर दोन नंबर. उरलेलं नष्ट केलं, तर तीन. फरक म्हणाल तर शेवटच्या एका आकड्याचा. पण दोन नंबर टाकला की पुढच्या खेपेला योजना नवी शीशी देत नसे. आधी राखलेलं संपवा म्हणे. तीन नंबर टाकला की प्रत्येक खेपेला शीशी नवीकोरी.

"याले तीन नंबर टाकजो," पंचफुला सिस्टरनं पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं. "दर बारीले तीनच. इथं लाईट जाते दिवसातून दहा डाव, जनरेटर ऑपरेशनले पुरत नाही. फ्रीजचा भरोसा काय?"

दीक्षानं मान हलवली होती आणि तीन टाकला होता. पण त्याच फ्रीजमध्ये धनुर्वाताची इंजेक्शनं मात्र सुखानं नांदत होती, हे तिला पुढे दिसलं. आणि एकदा दिसायला लागलं की माणसाला काय काय दिसतं! तिच्या आधी या टेबलावर बसणारे केशवराव एका दिवसात नोकरी सोडून गेले होते. चष्म्याचं घर ड्रॉवरमध्ये तसंच राहिलं होतं. का गेले म्हणून विचारलं की रिसेप्शनवरची बाई फोन नसतानाही फोन उचलायची. पंचफुला सिस्टरचं बडनेऱ्याच्या रस्त्याला घर बांधणं चाललं होतं, नुकताच स्लॅब टाकला होता. आणि फाटकातल्या मेडिकलवाल्या मोहसीनला दीक्षानं सहज विचारावं तसं विचारलं, की भाऊ, ही एवढी महागाची शीशी लोक उरली तर खरंच फेकतात का, तेव्हा तो मोठ्यानं हसला होता.

"अर्धी शीशी फेकनारा मानूस मले दाखवा मॅडम. मी त्याचे पाय धुवून पानी पितो."

"मंग काय करते?"

"आता मी काय सांगू?" मोहसीननं गल्ल्यावरची धूळ झटकली. "गिऱ्हाईक तं पावशीशीचंबी भेटते."

कचऱ्यात हात घातला त्याच दिवशी दुपारी अकोल्याहून खुशालराव साहेबांचा फोन आला. योजनेच्या कार्यालयात बसून साऱ्या विभागाचे कोड तपासणारा माणूस. आवाज असा, की समोरच्यानं नुकतंच काहीतरी चोरलंय आणि ते साहेबांनी पाहिलंय.

"मॅडम, ह्या नसीमबानोच्या केसले दर खेपेला तीन नंबर? तुमच्या अमरावतीले फ्रीज येत नाही काय?"

"सर, लाईट..."

"लाईट इथंबी जाते. पुढच्या बारीपासून नष्ट करतानाचा फोटो टाका. शीशीवरचं औषधाचं नाव दिसलं पाहिजे. त्याच दिवशी, ऑफिस सुटायच्या आत. फोटो नसन तं दोन नंबर टाका अन् मोकळ्या व्हा."

"जी सर."

"लॉगिन तुमच्याच नावाचं हाये ना?"

"हो."

"मंग जरा पाहून," खुशालराव म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर दीक्षानं साबणानं तीनदा हात धुतले, तरी सुगतनं तिचं बोट तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. हातमोज्याच्या रबराचा वास गेला नव्हता. दात येत होते त्याला. हिरड्या शिवशिवल्या की जे मिळेल ते चावायचा. तिनं त्याला पदराखाली घेतलं. तो पीत होता आणि एका हातानं तिच्या गळ्यातली काळी पोत ओढत होता, दमानं, मालकासारखा. नवरा अकोल्याच्या एमआयडीसीत, आठवड्यानं येणारा. सासूबाई, आशाबाई, दिवसभर नातवाला सांभाळून थकून ओट्यावर बसलेल्या. हे घर या नोकरीवर उभं होतं असं नाही, पण एका बाजूनं टेकलं नक्की होतं. माझ्या नावाचं लॉगिन, ती मनाशी म्हणाली. उद्या कोणी विचारलं तर पंचफुलाचं नाव कुठंच नाही. केशवरावांचंही आता नाही. नाव आहे ते माझं.

सकाळी तिनं सिस्टरला फोटोचं सांगितलं. सिस्टर थर्मामीटर झटकत होती. झटकतच राहिली.

"पाहू," एवढंच म्हणाली.

नसीमबानोच्या पुढच्या इंजेक्शनचा दिवस उजाडला. फवारणीचे दिवस संपत आले होते, तरी वरच्या वॉर्डात विष अंगावर गेलेले दोन मजूर होते आणि त्यांच्या बायका जिन्यात बसून होत्या. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. दीक्षा सोबतीचे पास फाडत होती. नेहमीप्रमाणे नसीमबानोची सोबत म्हणून दुर्गाबाई पुढे आली. वाळकुडी, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. गाव रिद्धपूरच्या जवळ कुठंतरी.

पास तिच्या हातात देता देता दीक्षाचं बोट थांबलं. अंजनगाव एका अंगाला, रिद्धपूर दुसऱ्या अंगाला. ही बाई सकाळी मोर्शीच्या गाडीनं येऊन बाकावर बसून राहते. नसीमबानो नंतर येते, वेगळ्या गाडीनं, एकटी. मग ही सोबत कसली? घरून सोबत करत नाही ती सोबत?

"चाची, ह्या तुमच्या कोन?" तिनं विचारलं.

नसीमबानोनं नकाब मागे टाकला. आजारानं गाल बसले होते, पण डोळे हसरे.

"माझी जोडीवाली हाये ना."

"जोडीवाली म्हनजे?"

"घ्या! वऱ्हाडातली पोरगी अन् जोडी समजत नाही. बैलाची रायते ना, तशी."

"त्यातला नाठाळ बैल मी," दुर्गाबाई म्हणाली. "दंडवत वं माय. चाल बानो, वजन करून घेऊ. आज तू जास्त भरली तं मी बोलनार नाही तुह्याशी."

दोघी एकमेकींना धरून आत गेल्या. दीक्षानं पासाचं पुस्तक मिटलं. यात हसण्यासारखं काय होतं ते तिला कळलं नाही. पण जास्त भरलीस तर बोलणार नाही, हे वाक्य तिच्या डोक्यात सुईसारखं टोचत राहिलं.

दुपार कलल्यावर सिस्टरचा निरोप आला, फोन घेऊन ये.

आतल्या खोलीत दोनच पलंग. एकावर नसीमबानो झोपलेली, तिच्या हाताची सुई नुकतीच काढलेली. दुसऱ्या पलंगावर दुर्गाबाई पाय सोडून बसली होती. चोळीची बाही वर, मनगटाच्या मागे चिकटपट्टी, चिकटपट्टीखाली सुई, सुईला सलाईनची नळी.

दीक्षा दारातच थबकली.

"सिस्टर, ह्या सोबत हायेत ना?"

"हायेत."

"मंग सोबतीच्या हातात सुई कायची?"

सिस्टरनं दीक्षाचं कोपर धरलं आणि मागच्या मोरीच्या खोलीत नेलं. ड्रेसिंगचं सामान ठेवायची चिंचोळी जागा, एक बेसिन, एक ट्रे. दार लोटून ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पाहिलं ना? झालं समाधान? कचऱ्यात हात घालून सापडलं नाही ते डोळ्यानं पाहिलं."

"किती घेता तिच्याकडून?" दीक्षाचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"हळू बोल." सिस्टरनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "मागच्या बारीले अंबाडीची भाजी देल्ली तिनं. कडू होती. झालं?"

"खरं सांगा."

"खरं हेच. तिले तोच आजार हाये, तेच औषध पाहिजे. संत्र्याचे बगीचे वाळले, तोडाईचं काम गेलं, पोरगा चाकनले गेला. जाताना आपलं राशन कार्ड वेगळं करून गेला. तिचं नाव जुन्या कार्डातून कटलं, नव्यात चढलंच नाही. दोन कार्डाच्या मधात पडली बाई. योजना म्हनते, कार्ड दाखवा. तहसीलवाले म्हनते, पुढच्या महिन्यात या. गाठ थांबते काय पुढच्या महिन्यापरेंत?"

"मंग हे..."

"बानोनंच सांगतलं मले. तिच्यासमोर मी उरलेली शीशी बेसिनात ओतली एक डाव. तिनं हात धरला माझा. म्हने, सिस्टर, माझी हाये ना ते शीशी? मंग उरलं ते त्या बाईले दे, जे बाहेर बसून रडून राहिली." सिस्टरनं कपाळ पुसलं. "दोघी हाडकुळ्या, दोघींले निम्मी निम्मी पुरते. बानोचं वजन वाढलं तं तिची मात्रा वाढते, मंग उरत नाही. त्याले आमी जोडी म्हनतो. आता तूच सांग, उरलं ते कोनाचं? सरकारचं म्हनशीन, तं सरकार म्हनते फेका."

"मले आधी काहून नाही सांगतलं? टाकत तं मीच होती ना तीन नंबर?"

"केशवरावले सांगतलं होतं." सिस्टर थांबली. "त्यानं विचारलं, माझे किती? तवापासून कोनाले सांगत नाही."

गोष्ट सरळ होती. इतकी सरळ की दीक्षाला तिला हात लावावासा वाटेना.

"दोन नंबर टाकला तं?" तिनं विचारलं.

"तं पुढच्या बारीले शीशी येनार नाही. आजची उरलेली बानोले द्या लागन. अन् दुर्गाबाई मोर्शीच्या गाडीनं येईन, बाकावर बसन, अन् वापस जाईन." सिस्टरनं वरच्या फळीवरून कापसाचा डबा काढला, त्यातून एक जुनी रिकामी शीशी. तेच लेबल, तेच टोपण. सिरिंजमध्ये सलाईनचं पाणी ओढलं, रबरातून आत सोडलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. शीशी ट्रेमध्ये ठेवली, आजच्या अर्ध्या शीशीच्या शेजारी. "तुह्या साहेबाले फोटो पाहिजे ना? हे ओतू बेसिनात, तू काढ फोटो. नाव दिसन. काढतं का नाही ते तू ठरव. जबरदस्ती नाही."

तेवढ्यात लाईट गेली. बेसिनवरची ट्यूब विझली, बाहेर पंखा गरगरत मंद होत थांबला. खोलीला खिडकी नव्हती. वरून कोणीतरी "सिस्टर, वो सिस्टर!" म्हणून ओरडलं, बहुतेक फवारणीवाल्याची बायको. पंचफुला तशीच बाहेर धावली. जाताना तिचा हात की पदर ट्रेला लागला, आणि काचेवर काच किणकिणली.

दीक्षा अंधारात उभी राहिली. ओतायचं पाणीच आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पाण्याचा फोटो. कोणाचं काय जातंय?

सिस्टर धापा टाकत परत आली. दार उघडं ठेवलं, बाहेरचा उजेड ट्रेवर पडला. तिनं क्षणभर दोन्ही शीशांकडे पाहिलं आणि एक उचलली.

"हे पान्याची. धर फोन. नाव दिसते काय?"

"दिसते."

शीशी बेसिनात उलटी झाली. रंग नाही, वास नाही, फेस नाही. दीक्षानं फोटो काढला. दुसऱ्या शीशीतलं औषध सिस्टरनं सिरिंजमध्ये भरून घेतलं आणि ती दुर्गाबाईच्या सलाईनमध्ये सोडायला गेली.

टेबलापाशी येऊन दीक्षानं फोटो चढवला. इन्व्हर्टरची शिटी वाजत होती. कोडच्या चौकटीत तिनं तीन टाकला आणि पाठवायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला. मग तिचा हात थांबला.

फोटो तर या खेपेलाच पहिल्यांदा लागला होता, आणि मागच्या खेपेची शीशी कचऱ्यात गेली होती. मग रिकामी शीशी कापसाच्या डब्यात कशी होती? रबरातून पाणी भरताना हात कसा थरथरला नाही? ज्या बाईला अर्ध्या मिनिटात पाण्याची शीशी औषधासारखी करता येते, ती बाई हे आजच शिकली असेल का? खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या नसेत पाणी सोडलं काय आणि औषध सोडलं काय, तिला काय कळणार आहे? ती आपली अंबाडीची भाजी आणून देईल. आणि खरी अर्धी शीशी? मोहसीन हसला होता. बडनेऱ्याच्या रस्त्यावर घराचा स्लॅब टाकून झाला होता. केशवरावांनी भाव विचारला, हे तरी कोणी सांगितलं? पंचफुलानंच.

बरं, नाही म्हणा. बाई देवमाणूस आहे असं धरून चला. तरी अंधार होता. ट्रे हलला होता. दोन्ही शीशांवर एकच नाव, एकच टोपण, आत एकसारखं पाणी दिसणारं काहीतरी. "हे पान्याची," ती म्हणाली खरी. पण म्हणायच्या आधी तिनं दोन्हींकडे पाहिलं होतं. तो क्षण दीक्षाला आता लांबच लांब वाटायला लागला. आपणच फोन धरून उभे होतो. खरं औषध आपल्या डोळ्यांदेखत बेसिनात गेलं असेल, आणि आपण त्याचा फोटो काढला असेल, नाव दिसतं म्हणून सांगितलं असेल.

दुर्गाबाईच्या नसेत पाणीच जात असेल तर हा तीन नंबर कोणासाठी? त्यापेक्षा दोन टाकावा, खुशालरावांना फोन करून सारं सांगावं, आणि मोकळं व्हावं.

तिनं बटण दाबलं नाही. उठली, कपाळ जिन्याला आपटलं. तशीच आत गेली.

पंखा बंद, खोली भट्टीसारखी तापलेली. दुर्गाबाईचं सलाईन संपत आलं होतं. ती उशाला टेकून संत्र सोलत होती. आणि शेजारच्या पलंगावर नसीमबानो दोन ब्लँकेटांखाली मुटकुळं करून पडली होती. पलंगाची पाइपं बारीक वाजत होती.

"चाची, काय झालं?" दीक्षा घाबरली.

"काही... नाही बेटी." नसीमबानोचे दात एकमेकांवर आपटत होते. "हे औषधच... असं हाये. हाडात थंडी भरते. डॉक्टर म्हनते, लागू पडून राहिलं समजा. घंटाभर रायते. मंग जाते."

दीक्षानं तिच्या पायांवरचं ब्लँकेट नीट केलं. मग हळूच दुर्गाबाईकडे वळली.

"मावशी, तुमाले?"

"मले काय?"

"थंडी?"

"या गर्मीत?" दुर्गाबाईनं संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली. "खाय. चेहरा पाय कसा उतरला तुहा. लेकरू पिते ना अंगावर? मंग असं उपाशी राहू नये."

"दर बारीले तुमाले थंडी वाजते काय, यांच्यासारखी?"

"कवा वाजते, कवा नाही वाजत. काहून?"

"असंच."

दीक्षानं स्टूल ओढलं आणि दोन पलंगांच्या मधोमध बसली. फोड हातातच राहिली. सलाईन संपलं. पंचफुला सिस्टर आली, नळी बंद केली, सुई काढली, कापूस दाबून धरला. कापूस कधीच कोरडा झाला, तरी तिनं मनगट सोडलं नाही. दुर्गाबाईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"बरं वाटते ना, मावशी?"

"बेस हाये."

"काहीच नाही होऊन राहिलं?"

"आज तुमी दोघी मले एकच काय पुसून राहिल्या?"

सिस्टरनं नजर उचलली. दीक्षा तिच्याकडेच पाहत होती. दोघींपैकी कोणीच आधी नजर खाली घेतली नाही. मग सिस्टर ट्रे उचलून निघाली, दारापाशी थांबली, परत आली आणि खिडकीचा पडदा सारखा करायला लागली. पडदा सारखाच होता.

दीक्षाचा फोन वाजला. सासूबाई. मागून सुगतचं रडणं, गळा ताणून.

"काय वं, येतं का नाही? दूध काढून ठेवलेलं संपलं, वाटीनं पीत नाही तो."

"येते आई. थोडं रायलं."

"ऑफिस सुटाची येळ झाली ना?"

"येते म्हटलं ना."

त्या रडण्यानं तिची छाती भरून आली, कुर्त्याला ओल लागली. तिनं ओढणी पुढे घेतली आणि जागची हलली नाही. बाहेर रिसेप्शनवरची बाई खुर्च्या सरकवत होती. खुशालराव एव्हाना घड्याळाकडे पाहत असतील. जिन्याखाली इन्व्हर्टरवर चालणारा कॉम्प्युटर कधीही विझला असता. नसीमबानोची पाइपं वाजायची कमी झाली, ती डोळे मिटून पडली. दुर्गाबाईनं उरलेलं संत्र संपवलं, बिया हातावर काढल्या, सालं पदरात बांधली.

"मोर्शीची गाडी चुकन माझी," ती म्हणाली आणि उठायला पाय खाली सोडले.

"बसा ना मावशी थोडं."

"काहून? झालं ना आता."

"थोडंच."

म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पाय परत वर घेतले. हात छातीशी बांधले. थोड्या वेळानं लुगड्याचा पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग दोन्ही हात काखेत घातले.

पडद्यापाशी सिस्टरचा हात थांबला.

दुर्गाबाईची हनुवटी हलली, बोलायला जावं आणि शब्द सापडू नये तशी. खांदे आत आले. पलंगाचं एक पाइप किणकिणलं, मग दुसरं, आणि बघता बघता तो अख्खा पलंग वाजायला लागला.

दीक्षा उठली. कपाटातलं ब्लँकेट ओढलं, दुर्गाबाईच्या अंगावर टाकलं, दोन्ही बाजूंनी खोचलं, पायांकडून खोचलं, गळ्यापाशी लहान पोराला गुंडाळावं तसं घट्ट केलं. आपली ओढणी काढून वरून घातली.

"ज-जास्तच आली वं आज," ब्लँकेटातून दुर्गाबाई म्हणाली, थरथरत्या ओठांनी, डोळे मोठे करून. "माह्या जिवाले थंडी वाजून राहिली, अन् तू काहून हासून राहिली, पोरी?"